परळची सर्पगंधा आणि शुक्राणूंचा प्रश्न

परळला आचार्य दोंदे मार्गावर के.ई.एम. रुग्णालय आहे. तिथून पायी काही मिनिटांवर, जहांगीर मेरवानजी स्ट्रीटवर, प्रजननावर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आहे. एकीकडे मनाच्या आजारांवर औषधे लिहून दिली जातात, दुसरीकडे शुक्राणूंचा अभ्यास होतो. या दोन गोष्टींचा परस्परांशी काही संबंध असेल असे सहसा आपल्या मनात येत नाही. पण तो आहे, आणि त्या गोष्टीचा एक धागा परळमध्येच सापडतो.

रक्तदाबाची गोळी

डॉ. रुस्तम जाल वकील हे के.ई.एम.मधील हृदयरोगतज्ज्ञ. १९४०च्या दशकात उच्च रक्तदाबावर खात्रीचे औषध नव्हते. सर्पगंधेचे मूळ मात्र आपल्याकडे फार पूर्वीपासून वापरात होते. बिहारकडे तर त्याला ‘पागल की दवा’ म्हणत. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळीने रक्तदाब उतरतो आणि उन्मादही शमतो, असे नोंदवले होते. वकिलांनी ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन त्यांच्या रक्तदाबाच्या पद्धतशीर नोंदी ठेवल्या. त्यांचा निबंध १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये प्रसिद्ध झाला आणि जगाचे लक्ष या वनस्पतीकडे वळले. १९५२ साली स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून ‘रेसर्पिन’ हे द्रव्य वेगळे काढले. १९५७ साली वकिलांना अमेरिकेतील प्रतिष्ठेचे लास्कर पारितोषिक मिळाले.

दुष्परिणामातून मिळालेला धागा

रेसर्पिनने रक्तदाब उतरे, पण काही रुग्ण खिन्न, उदास होत. कामेच्छा कमी झाल्याच्या तक्रारीही येत. असे का व्हावे? १९५५ साली अमेरिकेत ब्रोडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की रेसर्पिनमुळे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याचा साठा रिकामा होतो. एका चेतापेशीचा निरोप दुसरीकडे पोचवणाऱ्या द्रव्यांपैकी हे एक.

त्याच सुमारास क्षयरोगावरच्या इप्रोनियाझिड या औषधाने रुग्णांची मनःस्थिती सुधारते, असे दिसले. हे औषध सेरोटोनिनसारख्या द्रव्यांचे विघटन रोखते. नेथन क्लाइन या मनोविकारतज्ज्ञाने आधी रेसर्पिन आणि मग इप्रोनियाझिड, दोन्ही मनोरुग्णांवर वापरून पाहिली. साठा संपला की उदासी येते, साठा राखला की ती हटते, असा तर्क यातून पुढे आला. हा तर्क फार सोपा होता, हे आज आपल्याला कळते. रेसर्पिन घेणारे सगळेच काही उदास होत नव्हते. पण त्याच वाटेने पुढची औषधे शोधली गेली. १९८७ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले फ्लुओक्सेटिन हे त्यांपैकी एक. चेतापेशी सोडलेले सेरोटोनिन परत आत ओढून घेते. ही ओढ हे औषध थांबवते.

सेरोटोनिन फक्त मेंदूत नसते

शरीरातले बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असते. वीर्यपतनाचे नियंत्रण करणाऱ्या चेतामार्गांतही ते काम करते. तिथे ते वाढले की वीर्यपतन लांबते. म्हणून नैराश्यावर ही औषधे घेणाऱ्या पुरुषाला जो त्रास वाटतो, तोच परिणाम शीघ्रपतनावर उपचार म्हणून वापरला जातो. औषधाची क्रिया एकच. ती कुठे आणि कोणाच्या शरीरात घडते यावर तिला गुण म्हणायचे की दोष, हे ठरते.

मग शुक्राणूंचे काय? २०१० साली न्यूयॉर्कमधील तनरीकुत आणि सहकाऱ्यांनी ३५ निरोगी पुरुषांना ५ आठवडे पॅरोक्सेटिन दिले. शुक्राणूंची संख्या, हालचाल आणि आकार यांत लक्षणीय फरक पडला नाही. पण डीएनए तुटलेल्या शुक्राणूंचे सरासरी प्रमाण १३.८ टक्क्यांवरून चौथ्या आठवड्यात ३०.३ टक्क्यांवर गेले. म्हणजे नेहमीच्या वीर्यतपासणीत जे दिसले नसते, ते वेगळ्या चाचणीत दिसले. वीर्यवाहिन्यांतून शुक्राणू सावकाश पुढे सरकत असल्याने त्यांना इजा होत असावी, असा संशोधकांचा अंदाज आहे. तो अजून सिद्ध व्हायचा आहे.

या प्रयोगाच्या मर्यादाही मुलांना सांगाव्यात. माणसे थोडी होती, तुलनेसाठी औषध न घेणारा गट नव्हता, आणि त्यांना मूल होण्यात अडचण आली का, हे तपासलेच नव्हते. शिवाय नुसते नैराश्यही आड येते. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात, वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या जोडप्यांपैकी ज्यांतील पुरुषाला तीव्र नैराश्य होते, त्यांना मूल होण्याची शक्यता बरीच कमी आढळली. तेव्हा दोष औषधाचा किती आणि आजाराचा किती, हे वेगळे करणे सोपे नाही.

दिलाशाची बाजूही आहे. वृषणात नवा शुक्राणू तयार व्हायला सुमारे ७४ दिवस लागतात, आणि त्यानंतर तो पक्व व्हायला आणखी काही दिवस. म्हणजे तीन महिन्यांत बहुतेक शुक्राणू नवे असतात. औषध बंद केल्यावर किंवा बदलल्यावर शुक्राणूंची स्थिती सुधारल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. मात्र हे पाऊल डॉक्टरांच्या सल्ल्यानेच उचलायचे. गोळ्या एकाएकी सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता असे त्रास होतात आणि नैराश्य उलटू शकते. आत्महत्येचा विचार ज्याला गोळीने दूर ठेवता आला, त्याने शुक्राणूंच्या भीतीने ती परस्पर टाकून देणे हा महागात पडणारा व्यवहार आहे.

न विचारलेला प्रश्न

१९८६ साली के.ई.एम.च्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या सहकार्यातून नळीतील गर्भधारणेने बालिका जन्मली, तेव्हा या दोन शेजारी संस्थांचे नाव घरोघरी पोचले. पण आजही लालबाग-परळच्या चाळीत काय किंवा दादरच्या सोसायटीत काय, मूल झाले नाही की आधी सुनेला तपासायला नेतात. पुरुषाची तपासणी लांबत राहते. तो कोणती गोळी घेतो हे घरात कोणाला ठाऊक नसते, कारण मनाच्या आजाराचे औषध लपवून घ्यायचे असते. आणि डॉक्टरांनी विचारले नाही तर तो आपणहून सांगत नाही. एकावर एक अशा दोन लाजा चढल्या, की साधे उत्तर असलेला प्रश्नही वर्षानुवर्षे पडून राहतो.

वर्गात मज्जासंस्था एका धड्यात असते आणि प्रजनन दुसऱ्या. दोन्ही शिकवून झाले की फळ्यावर एकच प्रश्न लिहावा: पोटात गेलेली गोळी शरीरात कुठे कुठे पोचते? रक्तदाबाच्या गोळीने मन का खिन्न होते, हा प्रश्न कोणीतरी गंभीरपणे घेतला, म्हणूनच नैराश्यावरच्या उपचारांची वाट सापडली. वर्गातला एखादा मुलगा उद्या मोठा होऊन डॉक्टरांना मोकळेपणी म्हणाला, “मी ही गोळी घेतो, आम्हाला मूल हवे आहे, काय करू?”, तर आपला तो तास कारणी लागला असे समजावे.