भिवंडीत छापलेला दुवा

मराठी वर्तमानपत्रांत 'हवाला' म्हटले की काळा पैसा. आपल्या घरांत आणि मदरशांत मात्र हवाला म्हणजे संदर्भ. वाजमध्ये वक्त्याने एखादी हदीस सांगितली की मागच्या रांगेतला कुणीतरी हमखास विचारतो, "हवाला काय?" हल्ली उत्तरादाखल मोबाइलवर निळ्या अक्षरांतली लिंक येते. नेट असेपर्यंत ती उघडते. नेट गेले, संकेतस्थळ बंद पडले किंवा सरकारने इंटरनेटच तोडले, तर ती निळी अक्षरे नुसती अक्षरे उरतात. ऑगस्ट २०१९ नंतर काश्मीर खोऱ्यात कित्येक महिने हेच झाले. फाइली जवळ होत्या, पण त्यांतले दुवे जिथे नेणार होते, तिथे जायची वाटच बंद होती.

दुवा वाटेवर अवलंबून नसावा म्हणून काय करावे, हा प्रश्न आज संगणकवाल्यांना पडला आहे. मला मात्र त्याचे मूळ कागदाच्या इतिहासात दिसते, आणि त्या इतिहासातले एक महत्त्वाचे पान चक्क भिवंडीचे आहे.

सुरुवात दमास्कसपासून. तिथे जमालुद्दीन अल मिज्जी नावाचे मुहद्दिस होते. इब्ने कसीर त्यांचे जावई. हिजरी ६९६ ते ७२२, म्हणजे सुमारे सव्वीस वर्षे खपून मिज्जींनी 'तुहफतुल अशराफ' हा ग्रंथ रचला. त्यात पूर्ण हदीस सापडत नाही. सापडतो तो तिचा 'तर्फ', म्हणजे ओळखीपुरते सुरुवातीचे शब्द. म्हणून या शास्त्राला अत्राफ म्हणतात. त्या शब्दांपुढे ती हदीस सहा प्रमुख संग्रहांपैकी कुठे, कोणत्या किताबमध्ये आणि कोणत्या सनदीने आली आहे याची नोंद. बुखारीसाठी 'खे', मुस्लिमसाठी 'मीम', अबू दाऊदसाठी 'दाल', आणि सहांतही असेल तर 'ऐन'. एका अक्षराचा दुवा!

नियतवाली हदीस घ्या. ती हजरत उमर यांच्या नावाखाली, त्यांच्याकडून ऐकणारे अलकमा बिन वक्कास यांच्या पोटविभागात मिळते, आणि तिच्यावर 'ऐन' आहे. एकट्या बुखारीत ती सात ठिकाणी येते. हे सातही धागे मिज्जींनी एका नोंदीत बांधले.

हा दुवा हस्तलिखितांच्या जमान्यातला आहे, हे विसरू नये. तेव्हा पान क्रमांक कुचकामी होता, कारण प्रत्येक कातिबाचे अक्षर वेगळे, म्हणून प्रत्येक प्रतीची पाने वेगळी. दमास्कसच्या प्रतीतले चाळीसावे पान दिल्लीच्या प्रतीत साठावे असू शकते. म्हणून मिज्जींनी जागेचा पत्ता न देता मजकुराची ओळख दिली: रावी, सुरुवातीचे शब्द, किताब. तुमच्याजवळ बुखारीची कोणतीही प्रत असली तरी हवाला लागू पडतो. त्याच काळातल्या कातिबांची आणखी एक युक्ती होती. पानाच्या तळाशी पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायचा. शिवण उसवून पाने विस्कटली तरी क्रम लावता येई.

छपाई आली आणि लोकांना आकड्यांचा मोह पडला. जर्मन अभ्यासक फ्ल्यूगल यांनी १८३४ साली कुरआनची आवृत्ती आणि १८४२ साली तिची शब्दसूची काढली. युरोपातले अभ्यासक पुढे अनेक दशके त्याच क्रमांकांनी आयतींचे हवाले देत राहिले. मग १९२४ साली कैरोची आवृत्ती आली. तिची मोजणी कूफी परंपरेची, ६२३६ आयतींची. फ्ल्यूगल यांचे आकडे बऱ्याच ठिकाणी तिच्याशी जुळत नाहीत. आजही जुने युरोपीय पुस्तक उघडून सांगितलेली आयत शोधली की दोन-चार आयती पुढेमागे जावे लागते. कुरआनचा मजकूर एका अक्षरानेही हलला नव्हता. मोजणी बदलली आणि दुवे तुटले.

वेनसिंक यांच्या हदीस-शब्दसूचीची गोष्ट याहून बोलकी. लायडनहून तिचा पहिला खंड १९३६ साली निघाला आणि सातवा १९६९ साली. तिने मुसनद अहमदचे हवाले खंड आणि पानाने दिले, तेही हिजरी १३१३ च्या कैरो आवृत्तीच्या पानाने. परिणाम असा, की पुढे मुसनदची नवी, सुधारित, पन्नास खंडांची आवृत्ती काढणाऱ्यांनाही समासात त्या जुन्या आवृत्तीचे खंड-पान छापावे लागले. तसे केले नसते तर दरम्यानच्या साऱ्या पुस्तकांतले हवाले अनाथ झाले असते. मला ही समासातली बारीक अक्षरे फार मोलाची वाटतात.

आता भिवंडी. भिवंडी म्हटले की आपल्याला यंत्रमाग आठवतात. तिथेच 'अद् दार अल कय्यिमा' या संस्थेतर्फे अब्दुस्समद शरफुद्दीन यांनी १९६५ पासून 'तुहफतुल अशराफ' खंडाखंडाने छापली. सहाशे-सातशे वर्षे हस्तलिखितांत राहिलेला ग्रंथ जगभरच्या उलेमांच्या हाती पडला तो भिवंडीहून. पण शरफुद्दीन नुसते छापून थांबले नाहीत. मिज्जी फक्त "सलातच्या किताबमध्ये" एवढेच सांगतात, आणि सलातच्या किताबमध्ये तर बाबच बाब! शरफुद्दीन यांनी प्रत्येक हवाल्यापुढे बाबचा क्रमांक घातला, नोंदींना सलग क्रमांक दिले आणि सहा किताबांतल्या बाबांची यादी देणारा 'अल कश्शाफ' वेगळा काढला. नियतवाल्या हदीसचा क्रमांक १०६१२. आज अरबी आवृत्त्यांच्या तळटीपांत 'तुहफा' म्हणून जो आकडा दिसतो तो या क्रमांकांचा.

आणखी एक अडचण होती. मिज्जींचे नसाईकडे जाणारे दुवे 'अस् सुनन अल कुब्रा'कडे जात होते, आणि तो ग्रंथ तेव्हा संपूर्ण छापलेला नव्हता. म्हणजे दुवा होता, दाराचा पत्ता नव्हता. शरफुद्दीन यांनी त्याचाही सुरुवातीचा भाग भिवंडीहूनच छापायला घेतला. दुवा चालायचा तर पलीकडचा मजकूर वाचकाच्या घरी असला पाहिजे, हे त्यांना संगणकाविना कळले होते.

संगणकाने हाच धडा पुन्हा गिरवला. १९८९ साली टिम बर्नर्स-ली यांनी वेबची कल्पना मांडली. तिच्यातला नेहमीचा दुवा म्हणजे अमुक यंत्रावरची तमुक फाइल, थोडक्यात जागेचा पत्ता. पाने उतरवून घेतली तरी असे दुवे मूळ यंत्राकडेच बोट दाखवतात. त्यावरचा उपाय सापेक्ष पत्ता: "याच कपाटातले शेजारचे पुस्तक" असे सांगायचे, म्हणजे कपाट कुठेही नेले तरी चालते. २००७ साली सुरू झालेल्या किविक्सने अख्खा विकिपीडिया असाच एका फाइलीत बांधला. आतले दुवे आतच फिरतात. मराठी विकिपीडियाचीही अशी फाइल मिळते. अरबीत 'अल मकतबा अश् शामिला'ने हजारो किताबा एका हार्ड डिस्कवर आणल्या, हदीसवरून तिच्या शरहकडे जायची सोय केली आणि शक्य तिथे छापील आवृत्तीचे खंड-पान कायम ठेवले.

मराठीत आपण कुठे आहोत? हदीसच्या मराठी पीडीएफ व्हॉट्सॲपवर भरपूर फिरतात. हवाला असतो "मुस्लिम, ५१२", बस. सहीह मुस्लिमच्या अब्दुल बाकी यांच्या मोजणीत क्रमांक ३०३३ पर्यंत जातात, तर वेगवेगळ्या सनदी स्वतंत्र मोजणाऱ्या आवृत्त्यांत सात हजारांच्या पुढे. मग ५१२ कुठले? खोटी हदीस याच फटीतून आत शिरते, कारण तपासणारा पाच मिनिटांत कंटाळतो. आकड्याशेजारी किताबचे नाव, बाब, रावी आणि कोणाची मोजणी एवढे लिहायला एक ओळ लागते. पीडीएफ करणाऱ्यांनी तेवढी ओळ घालावी, आणि जमल्यास मूळ मजकूर त्याच फाइलीच्या शेवटी जोडून दुवा तिथे वळवावा.