टिळकांची श्रद्धा, लक्ष्मीबाईंचा प्रामाणिकपणा

रायपूरच्या शंकर नगरातून आजचा विषय मांडतो आहे : मनात एक आणि वागण्यात एक, हे अंतर ख्रिस्ती माणसाने कसे मिटवावे? उत्तरासाठी फार लांब जायला नको. नागपूरहून रायपूरला येणारी गाडी राजनांदगावावरून येते. याच मार्गावर १८९३ साली कवी नारायण वामन टिळक राजनांदगावला निघाले होते. डब्यात एका युरोपियन प्रवाशाशी गप्पा झाल्या. त्याने नवा करार हाती दिला आणि प्रार्थना करायला सांगितले. वाचता वाचता डोंगरावरच्या प्रवचनाने टिळकांचे मन जिंकले.

मन वळले, पण ते उघड करायला वेळ लागला. ब्राह्मण घर, नातेवाईक, पत्नी, सगळेच पणाला लागणार होते. अखेर १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. संसार दुभंगला.

आता लक्ष्मीबाईंकडे पाहा. पुढे त्या पतीकडे राहायला आल्या, तरी नवऱ्यासाठी म्हणून ख्रिस्ती झाल्या नाहीत. स्वतःचे सोवळे त्यांनी पाळले. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही, हे मनाला पटले तेव्हा त्या कोणाच्याही हातचे खाऊपिऊ लागल्या. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. श्रद्धा असून कृती नसणे हा दोष आपण लगेच ओळखतो. पण श्रद्धा नसताना केलेली कृतीही तितकीच पोकळ असते. लक्ष्मीबाईंचा नकार हा हट्ट नव्हता, तो प्रामाणिकपणा होता.

टिळकांचीही परीक्षा बाप्तिस्म्याने संपली नाही. भारतीय मनाला भिडेल असा ख्रिस्त सांगायचा, तर मिशनचा पगारी नोकर राहून चालणार नाही, असे त्यांना वाटू लागले. १९१७ साली त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि ‘देवाचा दरबार’ उभारला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा होती. ९ मे १९१९ रोजी ते गेले.

म्हणजे बाप्तिस्म्यानंतर बावीस वर्षांनीही हा माणूस स्वतःला विचारत होता : मी मानतो तसा जगतो का? मंडळी, हा प्रश्न एकदाच सोडवून बाजूला ठेवता येत नाही. पगार, पंगत, घरातली माणसे, जिथे किंमत मोजावी लागते तिथे तो पुन्हा समोर येतो.