28 इंची मोरी आणि हिन्याचा फाया

मोबाइल टेबलावरच राहू द्या. जिथं निघालोय तिथं त्याला रेंज नाही. साल 1977, महिना डिसेंबर, वय 19. तुम्ही गिरगावातल्या चाळीत, खोलीतल्या एकुलत्या एका आरशासमोर उभे आहात आणि मागून बहीण ओरडतेय की दुसऱ्यांनाही केस विंचरायचे असतात.

पँट चढवताना जरा जपून. टेरीकॉट आहे. मांडीला इतकी घट्ट की खाली बसायचा विचार दोनदा करावा, आणि गुडघ्याखाली एकदम मोकाट सुटलेली. शिंप्याने "मोरी 24 ठेवू?" असं विचारलं तेव्हा तुम्ही मित्रांकडे बघत "28" म्हणालात. आता ती जमिनीवर लोळते, म्हणून कडेला पितळी चेन शिवून घेतलीय. चालताना ती फरशीवर खरखरते, त्यामुळे रात्री उशिरा चोरपावलांनी घरी येणं या फॅशनमध्ये बसत नाही. वर मोठमोठ्या फुलांचा शर्ट, कॉलरची टोकं खांद्यापर्यंत. कल्ले कानाच्या पाळीखाली उतरलेले. वर्तमानपत्राआडून वडिलांचा आवाज येतो, "हिप्पी व्हायचंय का रे?" उत्तर देऊ नका. ते उत्तरासाठी विचारत नाहीयेत.

मुलगी असाल तर बेल बॉटमवर गुरू शर्ट, डोळ्यांवर बशीएवढा गॉगल, आणि घरी "कॉलेजची ट्रिप" एवढंच सांगा. 1971 च्या 'हरे रामा हरे कृष्णा'त झीनत अमान चिलीम ओढून गेल्यापासून गॉगलच्या काचा वाढल्यात आणि आयांची झोप कमी झालीय.

आता वासाचं बघू. कपाटावरचा पाँड्सचा आणि क्युटिक्युराचा डबा आणि अफगाण स्नोची बाटली हे सगळं घरादाराचं. बहिणीच्या साड्यांच्या घडीत एक निळी बाटली आहे, 'इव्हनिंग इन पॅरिस'. ती कधीच संपली, पण तिचं बूच काढून ठेवलं की साड्यांना वास लागतो अशी तिची श्रद्धा आहे, आणि खरोखर लागतो. तुमचा खजिना ट्रंकेच्या तळाशी: ब्रूटची हिरवी बाटली, गळ्यात साखळी, साखळीत रुपेरी बिल्ला. परदेशी माल उघड मिळायचे दिवस नाहीत हे. क्रॉफर्ड मार्केटच्या मागच्या गल्लीत एकाने "फॉरेन सेंट" असं कानात सांगितलं, आणि तुम्ही महिनाभराचा पॉकेटमनी त्याच्या हातावर ठेवला. बाटली अस्सल आहे. आतलं द्रव्य बहुधा 'मेड इन यूएसए', म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन. पण मान ओली झाली, चर्रकन झोंबलं, दाढीचं पाणी आणि लिंबू आणि औषध असा एकत्र भपकारा आला, की तुम्ही कोण होता ते विसरायला होतं. पैसे त्याचेच दिलेत.

दारात आजी थांबवते. मोहम्मद अली रोडवरून मुद्दाम मागवलेली हिन्याची कुपी तुमच्या हाती देते, गोव्यात पणजीला राहणाऱ्या मामासाठी. त्यातलंच बोटभर कापसाला लावून तो फाया तुमच्या कानात खोचते. तिच्या हातांना कापराचा वास आहे. जिना उतरेपर्यंत कळ काढा. मग फाया काढून खिशात टाका. ब्रूट लावलेल्या माणसाच्या कानात अत्तराचा बोळा शोभत नाही.

भाऊच्या धक्क्यावर नाक बंद ठेवायचा प्रयत्न करू नका, उपयोग नाही. डिझेल, ओला दोर, सुक्या बोंबलांच्या पाट्या, कुणाच्या तरी पिशवीतली पिकायला आलेली केळी, आणि शेकडो चाकरमान्यांच्या डोक्यांवरचं खोबरेल उन्हात तापतंय. पत्र्याच्या ट्रंका एकमेकींवर आदळतात. गेट उघडतं आणि सगळे धावतात, कारण डेकच्या तिकिटावर जागा लिहिलेली नसते, जो आधी चादर अंथरेल त्याची. तुम्हीही धावता, आणि फळीवर उजवा पाय डाव्या मोरीत अडकतो. पडत नाही, पण बघायचं त्यांनी बघितलेलं असतं. शेजारी वळकटी सोडत बसलेली मालवणची काकू पायांकडे बघते. "काय रे झिला, तुज्या लेंग्यात तुजो बापूस पण मावात मा!"

भोंगा वाजतो. पोटात हलतं. 'कोकण शक्ती' धक्का सोडते.

उद्या सकाळपर्यंत आता हे डेक म्हणजेच तुमचं जग. हळूहळू लोखंड तापतं, टेरीकॉट पायाला चिकटतो. हे कापड इस्त्री न करता चालतं म्हणून लोकांनी डोक्यावर घेतलं. त्यातून वारा जात नाही हे तेव्हा कुणी बोललं नाही. खांदेरी-उंदेरी मागे पडेपर्यंत डबे सुटलेले असतात: लसणीची चटणी, चपात्या, तळलेली सुरमई. आणि या सगळ्यातून, वाऱ्याची दिशा बदलली की, एक वेगळाच वास येतो. ओलसर माती, लाकूड, थोडा जुन्या पेटीसारखा. ओळखीचा आहे, पण आठवत नाही.

ते तिकडे बसलेत, कठड्यापाशी. सात-आठ हिप्पी. कुणी इस्तंबूलवरून तेहरान, काबूल, लाहोर असं बसने आलेला, कुणी काठमांडूहून उतरलेला. एकाने लुंगी नेसलीय, वर आरशांचं कच्छी भरतकाम असलेलं जाकीट, उघड्या छातीवर रुद्राक्ष. दुसरीने जयपुरी पलंगपोसाचा घागरा केलाय, पायात चाळ, बोटात चांदीची जोडवी, आणि लग्न झालेलं नाही हे न विचारता सांगते. पायांत कोल्हापुरी, ज्यांना तुम्ही वडिलांच्या, म्हाताऱ्यांच्या वहाणा म्हणता त्याच. एकजण डिसेंबरातल्या अरबी समुद्रावर मेंढीच्या कातड्याचा अफगाणी कोट घालून बसलाय, पिवळा, कडेला लोकर, छातीवर रेशमी नक्षी. काबूलमध्ये थंडी होती, तेव्हा घेतला. मुंबईत विकला नाही, कारण आवडतो. मग एक लाट कठड्यावरून आत येते आणि कोट भिजतो. कच्चं कमावलेलं ते कातडं ओलं झालं की मेंढी परत येते. पाच मिनिटांत निम्मं डेक दुसऱ्या बाजूला सरकतं. काकू पदर नाकाला लावते, पण तुमच्या मोरीकडे बघत निवाडा हिप्प्यांच्या बाजूने देते: "ह्येच्यापेक्षा तो लुंगीवालो बरो. निदान नेसूक तरी येता."

संध्याकाळी गिटार निघते. तिच्याबरोबर ढोलकीही, कारण शिमग्याची तालीम गावी सुरू व्हायच्या आधी हात मोकळा करणारे दोघे-तिघे या बोटीवर असतातच. सूर जमत नाही, ताल जमतो. चिलीम पेटवताना लुंगीवाला "बम शंकर" म्हणतो आणि मागे बसलेला एक वारकरी आजोबा सवयीने "हर हर महादेव" करून टाकतो.

तुम्ही धीर करून जवळ सरकता. इंग्रजी मनात जुळवून ठेवलंय. पण लुंगीवालाच पुढे वाकतो, तुमच्या मानेपाशी हुंगतो, आणि खो खो हसत सुटतो. हा वास त्याच्या बापाचा आहे म्हणे. तिकडे अमेरिकेत सगळे बाप सकाळी दाढी करून असंच काहीतरी चोपडतात, ब्रूट नाहीतर ओल्ड स्पाइस, आणि टाय बांधून कचेरीत जातात. त्या वासापासून तो हजारो मैल लांब पळालाय, आणि तो वास कोकणच्या बोटीवर त्याच्या शेजारी येऊन बसला.

चेहरा लपवायला तुम्ही रुमाल काढता, तर खिशातून फाया पडतो. तो उचलतो, नाकाशी धरतो, डोळे मिटतो. फाया एकेकाच्या हातून फिरतो. मग घागरेवाली झोळीतून एक छोटी बाटली काढून तुमच्या मनगटावर थेंब टाकते. पॅचुली, ती म्हणते. आणि आता तुम्हाला आठवतं. पाच! आजीच्या गावच्या परसातली, मरव्या-दवण्याबरोबर वेणीत माळायची ती पाच. त्याच कुळातल्या पानांचं हे तेल. एकोणिसाव्या शतकात कश्मिरी शाली विलायतेला जायच्या तेव्हा कसर लागू नये म्हणून घड्यांत हीच पानं घालत, आणि तिकडच्या बायका वासावरून शाल अस्सल की नक्कल ते ठरवत. आजीच्या ट्रंकेत पाच, वाळा आणि चंदनाची ढलपी असते. तुम्ही त्या ट्रंकेपासून पळत होता. म्हणजे हिशेब असा: त्यांना आपल्या आजीसारखा वास यायला हवाय, आपल्याला त्यांच्या बापासारखा. तरुणपणी माणूस कुणाचाही वारस व्हायला तयार असतो, फक्त स्वतःच्या घरचा नको.

रात्री बोट लागते. यावर जास्त लिहीत नाही, तुम्ही उलट्या करताय आणि मला दुरून बोलणं सोपं आहे. एवढंच की पोट ढवळत असताना अंगावरचा प्रत्येक सुगंध शत्रू होतो. ब्रूट घामाशी मिळून आंबलाय, पॅचुली गोड-गोड होऊन घशाशी येते. काकू न बोलता अर्धं लिंबू हातात ठेवते. ते हुंगत तुम्ही तिच्या वळकटीला टेकता आणि झोपता.

सकाळी मांडवीत शिरताना हवा थंड असते. पणजीला भट्टीतून निघालेल्या पावाचा वास आहे. मामाकडे नंतर. आज बुधवार आहे, बाजाराचा दिवस. म्हापशाची बस भरलेली, पण कंडक्टरच्या मते अजून दहा माणसं मावतात. "फुडें वच रे, फुडें वच!" करत तो तुम्हाला मासळीच्या टोपलीत जवळजवळ बसवतो. म्हापशाहून पुढे हणजूण.

माडांखाली चादरी अंथरल्यात. मांडव नाही, पाटी नाही, भाव लिहिलेला नाही. हिप्प्यांचे पैसे संपतात तेव्हा ते जवळचं विकून आणखी काही दिवस राहतात. हा बाजार त्यातूनच उभा राहिलाय. कॅमेरे, कॅसेटी, स्लीपिंग बॅगा, पानं सुटलेल्या कादंबऱ्या, स्विस चाकू. मध्येच लमाणी बायका आरशांचे पट्टे घेऊन बसल्यात. त्यांचेच कपडे बघून अर्ध्या हिप्पिणींनी आपले शिवलेत. वाळू भाजते. उदबत्तीचा धूर, खोबरेल तेलात तळत पडलेल्या गोऱ्या पाठी, शहाळी फोडल्याचा ओला वास, कुठून तरी शिजणाऱ्या लापशीचा. याच गावात 'एट फिंगर एडी' नावाच्या अमेरिकन माणसाने भुकेल्यांना फुकट जेवू घातल्याच्या गोष्टी सांगतात.

आणि कडेला, बूट न काढता, फुलपँट न दुमडता, घामाने निथळत उभा असलेला तो मुंबईच्या पोरांचा घोळका दिसतोय? ते बाजारात काही घ्यायला आलेले नाहीत. समुद्रावर कपड्याविना पोहतात असं त्यांनी ऐकलंय. त्यांच्यात जाऊन उभे राहू नका. गेलात तरी मी कुणाला सांगणार नाही.

तुम्हाला हवी ती गोष्ट एका चादरीवर आहे. जीन्स, अस्सल लिव्हाइस, मांडीवर विरलेली, गुडघ्यावर सूर्यफुलाचं ठिगळ. असलं कापड मुंबईत पैसे टाकूनही सहज मिळत नाही. नाकाला लावा: नीळ, घाम, धूर, पॅचुली. विकणारी मुलगी तुमच्या नोटा मोजते, मान हलवते, आणि मग तिचं लक्ष पिशवीतल्या कुपीकडे जातं. बूच काढते. हिना वर येतो, जड, गरम, थंडीत रजई उघडावी तसा. ती काही म्हणत नाही. जीन्स पुढे सरकवते.

मामाची कुपी होती हे तुम्हाला माहीत आहे. तरी देता. नोटाही देता.

माडाआड बेल बॉटम उतरवता, पायांना दोन दिवसांनी वारा लागतो. जीन्स कमरेला ढिली आणि उंचीला मोठी आहे, पण चालेल. शेजारी बसलेला एक जर्मन तुमची टेरीकॉट उचलून पितळी चेन खुळखुळवतो आणि किती म्हणून विचारतो. विकू नका. शिंप्याची उधारी अजून बाकी आहे.

इथून पुढे तुमचं तुम्ही बघा. मामाला काय सांगायचं तेही. परत आलात की एक काम करा. घरात त्या वर्षांत विशीत असलेलं कुणी असेल, आजी, आजोबा, काका, मावशी, तर त्यांना तेव्हाचे फोटो दाखवायला सांगा आणि तेव्हा अंगाला काय लावायचे ते विचारा. पहिल्यांदा ते "आमच्या वेळी असलं काही नव्हतं" म्हणतील. विश्वास ठेवू नका. कल्ले सगळ्यांनीच ठेवले होते.