जुन्या मोटारीची खरेदीपूर्व तपासणी (सातारा व सांगली जिल्हे)

जुन्या मोटारीची खरेदीपूर्व तपासणी म्हणजे वापरलेली मोटार विकत घेण्यापूर्वी तिची यांत्रिक स्थिती, अपघात व दुरुस्तीचा पूर्वेतिहास, मालकी आणि कायदेशीर बोजा यांची केलेली पडताळणी होय. भारतात मोटारीच्या मालकीची नोंद मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये होते. सातारा जिल्ह्यातील वाहनांचे नोंदणी क्रमांक एमएच ११ (सातारा) व एमएच ५० (कराड) या, तर सांगली जिल्ह्यातील वाहनांचे एमएच १० या अक्षरांनी सुरू होतात. ही अक्षरे केवळ पहिली नोंदणी कोठे झाली एवढेच सांगतात. मोटार नंतर कोठे फिरली वा कोणत्या पाण्यात उभी राहिली, हे त्यांवरून कळत नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

या दोन जिल्ह्यांत हवामान व रस्ते यांचे टोकाचे वैविध्य आढळते. महाबळेश्वरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी व जत हे तालुके अवर्षणप्रवण आहेत. त्यामुळे महाबळेश्वर, पाटण किंवा कोयना परिसरात वापरलेल्या मोटारीचा तळ, दारांच्या खालच्या कडा व चाकांवरील पत्रा गंजलेला असण्याची शक्यता अधिक असते. पूर्वेकडील मोटारीत गंज कमी, पण एअर फिल्टर वेळेवर न बदलल्यास धुळीमुळे इंजिनची झीज अधिक होते. खंबाटकी, पसरणी व कुंभार्ली या घाटांतून नित्य ये-जा करणाऱ्या मोटारींचे क्लच व ब्रेक लवकर झिजतात. सांगली-मिरज परिसर सपाट असल्याने क्लचचा दोष शहरातील फेरीत सहसा लपून राहतो. साताऱ्यात यवतेश्वरच्या चढणीवर तो सहज उघड होतो: वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर क्लच सरकतो आहे असे समजावे.

पूरग्रस्त मोटारी

या भागातील खरेदीदारासाठी सर्वांत महत्त्वाचा प्रश्न पुराचा आहे. सांगलीतील आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट व धोका पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले. जुलै २०२१ मध्येही मोठा पूर आला. सांगली शहराचा बराच भाग, पलूस, वाळवा व मिरज तालुक्यांतील नदीकाठची गावे आणि कराड परिसर यांना या पुरांची झळ बसली. अनेक मोटारी अनेक दिवस पाण्यात होत्या.

दुरुस्तीचा खर्च विमा घोषित मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असल्यास विमा कंपनी मोटार 'टोटल लॉस' ठरवते आणि अशी मोटार भंगार-मूल्याने लिलावात जाऊ शकते. तेथून ती दुरुस्त होऊन, स्वच्छ धुऊन दूरच्या गावी बाजारात येणे अशक्य नसते. बंद इंजिनमध्ये शिरलेले पाणी बाहेर काढून ते चालू करता येते. परंतु विजेच्या जोडण्यांतील गंज काही महिन्यांनी डोके वर काढतो, म्हणून पूरग्रस्त मोटार पहिल्या फेरीत निर्दोष वाटू शकते.

पुराच्या खुणा धुण्याने पूर्णपणे जात नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहिल्यास आतल्या भागावर गाळाची रेषा किंवा डाग दिसतो. धुणारा सहसा तेथपर्यंत पोचत नाही. सीटखालचे रूळ व बोल्ट गंजलेले असणे, गालिच्याखालचा फोम ओलसर वा नवा असणे, जादा चाकाच्या खोबणीत बारीक माती साचणे, दिव्यांच्या आत पाण्याची रेघ, फ्यूज बॉक्समधील हिरवट पडलेल्या पिना आणि एअर फिल्टरच्या डब्यातील गाळ ही अन्य लक्षणे होत. मोटारीत अत्तराचा अति घमघमाट असल्यास तो कशावरचा उतारा आहे, हे विचारणे रास्त ठरते. सर्वसाधारण विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेली इंजिनची हानी सहसा समाविष्ट नसते. त्यासाठी स्वतंत्र जोड-विमा घ्यावा लागतो.

कागदपत्रांची पडताळणी

परिवहन मंत्रालयाच्या 'वाहन' प्रणालीवर किंवा 'एम-परिवहन' ॲपवर नोंदणी क्रमांक टाकल्यास नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत व बोजा यांची माहिती मिळते. मालकाचे नाव अंशतः झाकलेले असते. थकीत दंडाची चौकशी वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर करता येते. चोरीच्या वाहनांची नोंद राष्ट्रीय गुन्हे अभिलेख विभागाच्या सेवेतून पाहता येते.

प्रत्यक्ष पडताळणीत आर. सी. बुकवरील चेसिस क्रमांक मोटारीवर कोरलेल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर जुळवावा. हा क्रमांक १७ अक्षर-अंकांचा असून त्यात आय, ओ व क्यू ही इंग्रजी अक्षरे वापरली जात नाहीत. पत्र्याला वेल्डिंग, घासल्याच्या खुणा किंवा वेगळा रंग दिसल्यास व्यवहार तेथेच थांबवणे हिताचे.

मोटारीवर बँकेचे कर्ज असल्यास आर. सी. बुकवर बोजा दाखवलेला असतो. कर्ज फेडल्याचे बँकेचे पत्र पुरेसे नसते. नमुना ३५ परिवहन कार्यालयात दाखल होऊन बोजा नोंदीतून उतरावा लागतो. मूळ मालक मृत असल्यास मोटार आधी वारसाच्या नावे (नमुना ३१) होणे आवश्यक असते. कंपनीबाहेर बसवलेले सीएनजी किट असल्यास त्याची नोंद आर. सी. बुकवर आणि टाकीची दर तीन वर्षांची दाब-चाचणी झाल्याचा दाखला तपासावा. खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षांसाठी असते आणि त्यानंतर पाच-पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. तेराव्या-चौदाव्या वर्षातील मोटार स्वस्त मिळण्याचे हे एक कारण आहे.

विम्यातील 'नो क्लेम बोनस' ही इतिहासाची उपयुक्त खूण आहे. तो सलग पाच वर्षे दावा न केल्यास ५० टक्क्यांपर्यंत वाढतो आणि दावा केल्यास शून्यावर येतो. मात्र तो मोटारीचा नसून मालकाचा असतो, त्यामुळे खरेदीदाराला तो मिळत नाही.

अपघात व किलोमीटर

बॉनेट व दारांच्या बोल्टांवरील रंग उडालेला असणे, दारांमधील फटी कमी-अधिक असणे आणि एकाच काचेवर वेगळे उत्पादनवर्ष असणे ही दुरुस्तीची चिन्हे होत. कारखान्यातील रंगाची जाडी साधारण ८० ते १५० मायक्रॉन असते. जाडीमापकावर कित्येक पट आकडा आल्यास खाली पुट्टी आहे. किरकोळ खरचटण्याची दुरुस्ती गंभीर मानू नये. पिलर व पुढच्या चेसिसच्या भागावरील वेल्डिंग मात्र गंभीर मानावे.

ओडोमीटरचा आकडा मागे नेता येतो, म्हणून तो एकट्याने पुरावा ठरत नाही. अधिकृत सर्व्हिस केंद्रातील नोंदी, पेडलवरच्या रबराची झीज, चालकाच्या सीटची कड आणि टायरवरचे चार आकडे (पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे) यांचा ताळमेळ पाहावा. तीस हजार किलोमीटर दाखवणाऱ्या मोटारीचे पेडल गुळगुळीत झाले असल्यास स्पष्टीकरण मागावे.

इंजिन थंड असतानाच चालू करावे. आधीच तापवून ठेवलेले इंजिन दोष झाकते. निळसर धूर ऑईल जळत असल्याचे, तर न थांबणारा पांढरा धूर कूलंट सिलिंडरमध्ये उतरत असल्याचे लक्षण असतो. ऑईलच्या झाकणाखाली दुधाळ थर दिसल्यास पाण्याचा शिरकाव संभवतो. ओळखीचा मेस्त्री सोबत असावा, मात्र तो विक्रेत्याचा नसावा.

परराज्यातील मोटारी

जत व मिरज तालुक्यांच्या सीमेपलीकडे कर्नाटक असल्याने केए क्रमांकाच्या मोटारी येथे विकल्या जातात. दिल्ली परिसरात १० वर्षांपुढील डिझेल मोटारींवर बंदी आल्यापासून (सर्वोच्च न्यायालयाने ही भूमिका २०१८ मध्ये कायम ठेवली) तेथील मोटारीही अन्य राज्यांत स्वस्तात येतात. अशा मोटारीसाठी मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) लागते आणि महाराष्ट्रात वापरताना नवा नोंदणी क्रमांक घेऊन येथील कर भरावा लागतो. हा कर किमतीत धरला नाही, तर स्वस्त मोटार प्रत्यक्षात महाग पडते.

हस्तांतरण व दायित्व

विक्रीनंतर विक्रेत्याने १४ दिवसांत व खरेदीदाराने ३० दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवणे अपेक्षित असते. त्यासाठी अनुक्रमे नमुना २९ व ३० वापरतात. ऊसबिल हाती आल्यावर किंवा पाडव्याच्या मुहूर्तावर घाईने झालेल्या व्यवहारांत हे अर्ज कोरे, केवळ सह्या करून एजंटकडे सोपवण्याची रीत आहे आणि ती दोन्ही पक्षांना धोक्याची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिलेल्या निकालानुसार, मोटार अनेक हातांतून गेली असली तरी अपघातातील भरपाईचे दायित्व नोंदणीत ज्याचे नाव आहे त्याच्यावरच राहते. खरेदीदाराच्या बाजूने पाहता, तृतीय पक्षाचा विमा मोटारीबरोबर हस्तांतरित झाल्याचे कायदा मानतो, परंतु मोटारीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा नाव बदलल्याशिवाय मिळत नाही. विक्री करारनाम्यात ताबा दिल्याची तारीख व वेळ लिहिल्यास त्यानंतरच्या चलनांची जबाबदारी ठरवणे सोपे जाते.

१ एप्रिल २०२३ पासून जुन्या मोटारींच्या विक्रेत्यांना परिवहन कार्यालयाचे प्राधिकार-प्रमाणपत्र घेणे बंधनकारक झाले असून त्याची मुदत पाच वर्षे असते. असा विक्रेता मोटार ताब्यात असेपर्यंत तिचा जबाबदार मालक समजला जातो आणि तिच्या प्रत्येक फेरीची नोंद ठेवणे त्याच्यावर बंधनकारक आहे.