गाडीचं सस्पेन्शन बदलायचंय? आधी हे समजून घ्या

धारूरहून माजलगावकडे जाताना बालाघाटच्या रांगेतला घाट उतरावा लागतो. माणसं आणि सामान भरलेली गाडी अशा वळणांवर झुकते आणि खड्ड्यात आदळते. यावर उपाय काय?

कोणाचं काम काय?
स्प्रिंग वजन पेलते आणि दणका झेलते. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजमधला ‘शॉकअप’, तिचं उसळणं आवरतो. तो संपला की टायर रस्त्याला नीट चिकटून राहत नाही आणि ब्रेक दाबल्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं.

आधी काय तपासावं?
शॉकअपमधून तेल गळतंय का, खड्ड्यानंतर गाडी दोन-तीनदा हेलकावते का, ते पाहा. खडखड आवाज अनेकदा लिंक रॉड किंवा बुशचा असतो. टायरमध्ये हवा जास्त असली तरी गचके बसतात.

काय बदलावं?
एकाच अ‍ॅक्सलचे दोन्ही शॉकअप सोबत बदलावेत, मग व्हील अलाइनमेंट करून घ्यावं. कडक स्प्रिंगने झुकणं कमी होतं, पण गचके वाढतात.

काय टाळावं?
उंची वाढवणारे स्पेसर. त्यांनी गाडी खाली घासत नाही, पण गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर गाडी जास्त झुकते. घाटात तेच धोक्याचं. शिवाय मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणीतला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही.

थोडक्यात, झिजलेले भाग कंपनीच्या मापाचे नवे बसवले, तरी बहुतेक घरगुती गाड्यांचं काम भागतं.