एम-पेसा

पूर्व आफ्रिकेतील केनिया या देशात भ्रमणध्वनीद्वारे पैशाची देवघेव करण्याची पद्धती. ‘सफारीकॉम’ या दूरसंचार कंपनीने ती मार्च २००७ मध्ये सुरू केली. ‘पेसा’ हा पैसा या अर्थाचा स्वाहिली शब्द असून त्याचे मूळ आपल्याकडील ‘पैसा’ या शब्दातच आहे. ब्रिटिश अमदानीत १९२० पर्यंत तेथे रुपयाच चलनात होता.

नैरोबीसारख्या शहरांत रोजगारासाठी आलेले लोक पूर्वी गावी पैसे धाडीत ते बसचालकाच्या वा ओळखीच्या माणसाच्या हाती, नाहीतर टपालाने. बँकांच्या शाखा थोड्या आणि खाते बाळगण्याचा खर्च सामान्यांना न परवडणारा. सफारीकॉमची भागीदार असलेल्या व्होडाफोन या ब्रिटिश कंपनीने ब्रिटनच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याच्या अनुदानातून २००५ मध्ये एक प्रयोग आरंभिला. लघुकर्जांचे हप्ते फेडणे सुलभ व्हावे, एवढाच त्याचा हेतू होता. परंतु कर्जदार खात्यातील रक्कम दूरच्या नातलगांना पाठवू लागले. योजकांनी हा उपयोग हेरला व मूळ योजना बाजूस सारून ‘घरी पैसे पाठवा’ असे आवाहन करीत सेवा बाजारात आणली.

तंत्र अगदी साधे होते. ग्राहक नेमलेल्या दुकानदाराकडे रोकड भरतो. तेवढी रक्कम त्याच्या खात्यावर चढते. सांकेतिक क्रमांक वापरून तो ती संदेशाने दुसऱ्यास पाठवितो आणि घेणारा आपल्या गावच्या दुकानातून रोकड उचलतो. जमा पैसा बँकांतील विश्वस्त खात्यांत राहतो. खरी अडचण यंत्राची नव्हे, तर खेड्यातील दुकानदाराच्या गल्ल्यात वेळेवर रोकड असण्याची होती. मध्यवर्ती बँकेने स्वतंत्र कायद्याची वाट न पाहता या सेवेस हरकत घेतली नाही, ही गोष्टही निर्णायक ठरली. डिसेंबर २००७ च्या निवडणुकीनंतर उसळलेल्या हिंसाचारात अडकलेल्या आप्तांना याच मार्गाने पैसे पोहोचले आणि लोकांचा विश्वास दृढ झाला.

औपचारिक वित्तसेवा वापरणाऱ्या प्रौढांचे प्रमाण २००६ मधील सुमारे २७ टक्क्यांवरून २०२१ मध्ये सुमारे ८४ टक्क्यांवर गेले. या वाढीत एम-पेसाचा वाटा मोठा आहे. अन्यत्र मात्र ही पद्धती सर्वत्र रुजली नाही. दक्षिण आफ्रिकेत ती २०१६ मध्ये, तर भारतात २०१९ मध्ये बंद पडली.

पैसे पाठविण्याची सोय आणि कर्जाची सोय यांत भेद करावयास हवा. २०१२ मध्ये एका बँकेच्या सहकार्याने ‘एम-श्वारी’ ही बचत व कर्जाची योजना निघाली. तीस दिवसांच्या कर्जावर साडेसात टक्के शुल्क पडे; वार्षिक हिशेबाने ते फारच भारी होते. पुढे भ्रमणध्वनीवरून कर्ज देणाऱ्या अनेक खासगी संस्था निघाल्या व किरकोळ रकमा थकल्यामुळेही असंख्य लोकांची नावे थकबाकीदारांच्या यादीत गेली. अखेर २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून अशा संस्थांना मध्यवर्ती बँकेचा परवाना आवश्यक करण्यात आला.