बैल

बैल (पुल्लिंगी नाम) : गोवंशातील नर, आणि काटेकोर अर्थाने खच्ची करून नांगराला वा गाडीला जुंपलेला नर. पैदाशीसाठी राखलेल्या नराला मराठीत वळू किंवा सांड म्हणतात. जन्मतः जे वासरू असते, ते थोडे वाढले की गोऱ्हा, ऐन भरात आले पण अजून जुंपले गेले नाही तोवर खोंड, आणि मानेवर जू चढले की बैल होते. म्हणजे हे नाव जातीपेक्षा कामावरून पडलेले आहे. कोकणात तरण्या नराला पाडा असेही म्हणतात.

व्युत्पत्ती : मराठी बैल हा प्राकृत ‘बइल्ल’ या शब्दापासून आला. संस्कृत ‘बलीवर्द’ या शब्दाशी त्याचे नाते जोडले जाते. मात्र हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ रचली, तेव्हा संस्कृतावरून साधता न येणाऱ्या, म्हणजे देशी, शब्दांत ‘बइल्ल’ची गणना केली, आणि तो निर्णय सहज बाजूला सारण्याजोगा नाही. इंग्रजी ‘बुल’शी दिसणारे ध्वनिसाम्य योगायोगाचे आहे. खरे नाते वेगळ्याच ठिकाणी सापडते: वेदांतील ‘उक्षन्’ आणि इंग्रजी ‘ऑक्स’ हे एकाच मूळ शब्दाचे वंशज असून मराठीच्या रोजच्या बोलण्यातून गेलेला तो शब्द इंग्रजीत आजही चालतो. ‘गो’ आणि ‘काऊ’ यांचेही मूळ एकच. वैदिक ‘अनडुह्’ या शब्दात अनस् म्हणजे गाडा आणि वह् म्हणजे वाहणे असे दोन घटक असल्याने, जनावराला कामावरून नाव देण्याची रीत किती जुनी आहे हे त्यातून दिसते.

पेण व रोहे परिसरातील वापर : रायगड जिल्ह्यातील (1981 पूर्वीचा कुलाबा) या दोन तालुक्यांत बैलाचे काम जमिनीच्या प्रकाराप्रमाणे बदलत आले आहे. पेणच्या खाडीलगत, भरतीचे पाणी बांध घालून अडवून लागवडीखाली आणलेल्या खारेपाटात, मोड आणलेले बी फेकून पेरण्याची रहू पद्धत चालते, त्यामुळे तेथे नांगरटीला मर्यादा पडतात. बैलाचा खरा कस लागतो तो आतल्या गोड्या जमिनीत. तेथे आधी राबावर, म्हणजे पालापाचोळा व गोवऱ्या जाळून भाजलेल्या तुकड्यावर, रोप वाढवतात, पहिल्या पावसानंतर खाचराची उखळणी करतात आणि पाणी साठले की चिखलणी करून लावणी उरकतात. पोटरीभर चिखलात पाय रोवून ओढणारी ही नांगरासह जुंपलेली जोडी जोत या नावाने ओळखली जाते. जुवाच्या दोन्ही टोकांना शिवळा, म्हणजे लाकडी खुंट्या, बसवलेल्या असतात. बैलाची मान त्यांच्यामध्ये घेऊन खालून जुपणीने बांधतात, नांगराची इसाड जुवाच्या मध्यावर आवळतात आणि चालणारा माणूस एका हाताने रुमणे दाबून फाळ जमिनीत धरतो. मळणीच्या वेळी तेच बैल मेढीभोवती भातावर फिरवले जातात आणि त्यांनी पेंढ्याला तोंड लावू नये म्हणून मुसकी बांधतात.

रोहे तालुक्यात या कामाला दुसरा हंगाम जोडला गेला. भिरा येथील जलविद्युत केंद्र 1927 मध्ये सुरू झाले, त्यातून वीज तयार झाल्यावर सुटणारे पाणी कुंडलिका नदीत येते, आणि कोलाडजवळच्या दोलवहाळ बंधाऱ्यावरून कालव्यांनी ते शेतात नेल्यावर उन्हाळी भाताची लागवड शक्य झाली.

ओझ्याचा बैल हा आणखी एक प्रकार होय. गाडीरस्ते होण्यापूर्वी कोकणातील मिठागरांचे मीठ लमाण व वंजारी यांच्या तांड्यांतील बैलांच्या पाठीवर गोणी लादून घाटावर जाई आणि परतताना धान्य येई. लमाण हे नाव संस्कृत ‘लवण’, म्हणजे मीठ, याच्याशी जोडले जाते.

लाक्षणिक अर्थ : मंद बुद्धीच्या माणसाला बैलोबा, दुसऱ्याच्या होकाराला मान डोलावणाऱ्याला नंदीबैल आणि त्याच त्या कामात अडकलेल्याला घाण्याचा बैल म्हणतात. ‘बैल गेला आणि झोपा केला’ या म्हणीतील झोपा म्हणजे गोठ्याचे झापड. झोपेशी त्याचा काहीही संबंध नाही. बैल कामाचा असूनही भाषेने त्याच्या वाट्याला बहुतेक हेटाळणीच दिली, हा त्याच्यावर अन्यायच होय.

सद्यःस्थिती : कोकणातील स्थानिक गोवंशाला ‘कोकण कपिला’ या नावाने 2018 मध्ये राष्ट्रीय पातळीवर स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली. लहान चणीची, काटक आणि डोंगरउतारावर तोल सांभाळणारी ही जनावरे अरुंद खाचरांना सोयीची आहेत. सपाटीवर मात्र पॉवर टिलरने जोताची जागा घेतली असून शिवळ, जुपणी, इसाड हे शब्द प्रौढ शेतकऱ्यांच्या तोंडीच अधिक ऐकू येतात.